स्कॅन झाले, सापडणार कधी?

जुन्या सरकारी कागदांच्या डिजिटायझेशनची बातमी आली की तिच्यात एक आकडा हमखास असतो: इतक्या कोटी पानांचे स्कॅनिंग पूर्ण. सोबत कळ दाबतानाचा फोटो असतो आणि आता सगळे ‘एका क्लिकवर’ मिळणार असे आश्वासन असते. दुसरा एक आकडा मात्र त्या बातमीत कधीच नसतो. या पानांपैकी किती पानांवर काय लिहिले आहे हे संगणकाला माहीत आहे? कोणी गाव, साल आणि पणजोबांचे नाव सांगितले तर ते पान समोर येईल का? बहुतेक ठिकाणी येणार नाही, आणि यात तंत्रज्ञानाचा दोष फारसा नाही. दोष निविदेत आहे. आपण पैसे पानामागे मोजतो, म्हणून आपल्याला पाने मिळतात. नोंद सापडावी यासाठी आपण कोणाला काही देतच नाही.

पानामागे दर ठरला की पुढचे सगळे त्या दराच्या कलाने होते. ठेकेदाराने रोजंदारीवर मुले आणलेली असतात, त्यांना दिवसाचे लक्ष्य दिलेले असते. दुमडलेला कोपरा उलगडायला वेळ लागतो, म्हणून तो तसाच राहतो. जाड रजिस्टर शिवणीपाशी सपाट होत नाही, म्हणून आतल्या बाजूचा रकाना निम्मा अंधारात जातो. दोन पाने चिकटली असली की त्यांचे एकच पान होते. मागची बाजू कोरी वाटली की सोडून दिली जाते. मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. त्यांना जे मोजून पैसे मिळतात तेच ती करतात.

पाठ सोडली की काय जाते, ते मराठेशाहीच्या कागदात पाहावे. मजकूर लांब असला की तेव्हाचा कारकून कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवीत जाई. मधला एखादा बंद काढून कोणी दुसरा घुसवू नये म्हणून सांध्यावर पाठीमागून शिक्का उठवीत. कागद दफ्तरी दाखल झाल्याचे, रुजू घातल्याचे शेरेही पुष्कळदा पाठीवर असतात. पुढच्या बाजूने कागद काय म्हणतो ते कळते. तो खरा की बनावट, रवाना झाला की मसुदाच राहिला, हे ठरवायला पाठ लागते. एका बाजूने स्कॅन केलेल्या सनदेचा मजकूर हाती येतो आणि पुरावा मागे राहतो. तारखेचेही तसेच. वर ‘छ १२ रमजान’ एवढेच लिहिलेले असते, सालाचा पत्ता नसतो. ते मजकुरातल्या माणसांवरून, मोहिमांवरून, शेजारच्या कागदावरून ताडावे लागते.

शेजारचा कागद म्हणूनच महत्त्वाचा. पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे ज्याला आपण पेशवे दफ्तर म्हणतो तिथे, हजारो रुमालांत, म्हणजे कापडी बासनांत, कोट्यवधी कागद बांधलेले आहेत. ते शाहू दफ्तर, घडणी, परगण्यांचे रुमाल अशा गटांत लागलेले आहेत आणि या मांडणीवर एकोणिसाव्या शतकातल्या इनाम कमिशनच्या कामाचा ठसा आहे. इनामे खरी की खोटी हे तपासण्यासाठी केलेली ती रचना इतिहासकाराला कधी गैरसोयीची वाटते, तरी ती रचना आहे. कोणता कागद कोणत्या रुमालात, कोणत्या पुडक्यात, कोणाच्या आगेमागे आहे, यातूनच अर्ध्या गोष्टी कळतात. रियासतकार सरदेसाईंनी याच दफ्तरातून निवड करून १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड छापून घेतले. दफ्तराच्या एकूण पसाऱ्यापुढे ते मूठभर ठरतात. पण प्रत्येक कागदाखाली तारीख, वर थोडक्यात विषय आणि खंडाला सूची, एवढ्या बळावर ते खंड नव्वद वर्षांनंतरही अभ्यासकाच्या टेबलावर असतात. आज एखाद्या दफ्तराची लाखभर पाने ‘स्कॅन ०००१’पासून क्रमाने नावे देऊन एका हार्ड डिस्कमध्ये ओतली, तर त्यातून तेवढेही निघणार नाही.

सामान्य माणसाला या सगळ्याशी काय देणेघेणे, हा प्रश्न २०२३च्या आधी विचारता आला असता. त्या वर्षी मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि महाराष्ट्रातला प्रत्येक अभिलेख कक्ष एकाएकी उघडला. आधी मराठवाड्यापुरते असलेले काम पुढे राज्यभर पसरले. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही. त्या शोधाने आपल्या दफ्तरांची जी हालत दाखवली तिच्याबद्दल बोलतो. जन्ममृत्यूची गाव नमुना चौदाची रजिस्टरे, म्हणजे कोतवाल बुके. खासरा पत्रके, पाहणी पत्रके, क-पत्रके. शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे. दुय्यम निबंधकांकडची जुनी खरेदीखते. तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांच्या वह्या, राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवान्यांची रजिस्टरे, भूमी अभिलेखकडची शेतवार पत्रके आणि प्रतिबुके. जात लिहिलेली असू शकेल अशी प्रत्येक वही खाली उतरवली गेली. काही मोडीत, काही उर्दूत. मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. मराठवाड्यासाठी हैदराबाद गाठावे लागले, कारण निजामाच्या राज्याचे कागद तिकडे. पन्नास लाखांहून अधिक नोंदी सापडल्याचे शासनाने सांगितले आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर तालुकावार, गाववार पीडीएफ चढले.

हे काम मोठे झाले, यात वाद नाही. पूर्वी तहसिलीत चार हेलपाटे घालून, चहापाण्याचे पैसे मोजूनही जे रजिस्टर दाखवले जात नसे, ते मोबाइलवर दिसू लागले. लातूरकडच्या गावातून पुण्यात कामाला आलेला माणूस रात्री खोलीवर बसून आपल्या गावची सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची पाने चाळू लागला. डिजिटायझेशनच्या बाजूने याहून चांगला युक्तिवाद मला माहीत नाही.

पण चाळू लागला, असेच म्हणावे लागते. तिरप्या पडलेल्या शंभर-दोनशे पानांचे पीडीएफ, बोटाने पुढे सरकवायचे, डोळे ताणून नाव शोधायचे. मोडीतले असेल तर तिथेच थांबायचे, किंवा कोणा वाचणाऱ्याला व्हॉट्सॲपवर पान पाठवून पानामागे पैसे द्यायचे. म्हणजे सूची करण्याचे जे काम सरकारने एकदा करायला हवे होते, ते लाखो लोक आपापल्या घरी, एकमेकांना नकळत, पुन्हा पुन्हा करत बसले. एकाने वाचलेले दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही. ज्याला सापडले त्याने दाखला काढला आणि तो गेला. त्या पानावर कोणाकोणाची नावे आहेत हे पुढच्या माणसासाठी कुठेच नोंदले गेले नाही.

त्याहून गंभीर गोष्ट वेगळी आहे. मराठवाड्यात नोंदी तुलनेने कमी सापडल्या. का? तिथे तसे लिहिण्याची पद्धत नव्हती म्हणून? रजिस्टरे नष्ट झाली म्हणून? की ती आहेत, पण बघितली गेली नाहीत? या तिन्ही उत्तरांचे राजकीय अर्थ तीन वेगवेगळे आहेत, आणि कोणते खरे हे नुसत्या स्कॅनच्या ढिगाला विचारून कळत नाही. ते कळायला यादी लागते: या गावाची अमुक साल ते तमुक साल रजिस्टरे आहेत, मधली पाच वर्षे नाहीत, हे एक वाळवीने खाल्ले, हे १९४८च्या धामधुमीनंतर दिसलेले नाही. नसलेल्या कागदांची नोंद हा अभिलेखागाराच्या कामाचा निम्मा भाग असतो. ती नोंद स्कॅनरमधून कधीच बाहेर पडत नाही, कारण स्कॅनर फक्त समोर ठेवलेलेच पाहतो.

सरकारी पत्रव्यवहारात एक ठरीव वाक्य आहे: ‘सदर नोंद अभिलेखात आढळून येत नाही.’ पूर्वी या वाक्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. कारकुनाने शोधले नाही, किंवा अजून शोधायचे आहे. माणूस पुन्हा जाई, ओळख काढी, गठ्ठा सोडायला लावी आणि तिसऱ्या खेपेला नोंद निघे. आता तेच वाक्य संगणकाकडे बघून म्हटले जाते आणि त्याला वेगळेच वजन येते. संगणकात नाही म्हणजे नाहीच. चिकटलेल्या दोन पानांतले आतले पान त्या दिवसापासून कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ नाहीसे झाले. आणि त्यानंतर जागेची अडचण म्हणून गठ्ठा हलवला गेला, की खऱ्या अर्थानेही नाहीसे झाले.

सातबाऱ्याच्या संगणकीकरणात हा धडा आपण एकदा गिरवला आहे, आणि तिथे महसूल खात्याने शहाणपणाही दाखवला. अडीच कोटींच्या घरातले सातबारे हाताने टंकले गेले तेव्हा नावे, क्षेत्र, हिस्से यांत चुका शिरल्या. वारसाचे नाव गळले, गुंठ्यांचा आकडा फिरला, पोटखराब लागवडीखाली आले. मग २०१७मध्ये चावडी वाचन झाले. हस्तलिखित सातबारा आणि संगणकातला सातबारा ताडून पाहायचा, गावात वाचून दाखवायचा, आणि ज्याची जमीन त्याने उभे राहून सांगायचे की हे चुकले. जमीन महसूल संहितेच्या कलम १५५खाली लेखनप्रमादाच्या दुरुस्त्यांचे आदेश निघाले. अजूनही निघतात. चावडी वाचन सगळीकडे सारखेच मनापासून झाले असे नाही. काही गावांत ते कागदावरच उरकले गेले. तरी त्यामागचा विचार पक्का होता. यंत्राने केलेली नक्कल माणसांनी मूळ कागदाशी ताडायची, आणि ताडून होईपर्यंत मूळ कागद जागेवर ठेवायचा. हस्तलिखित सातबारे तेव्हा रद्दीत गेले असते, तर ताडायचे कशाशी?

जुन्या अभिलेखांच्या स्कॅनिंगला मात्र चावडी नाही. काम पूर्ण झाल्याचा दाखला ठेकेदार देतो, कार्यालय त्यावर सही करते, बिल निघते.

आपण या वाटेवर पहिल्यांदा चाललेलो नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे. विसाव्या शतकात हाच उत्साह मायक्रोफिल्मबद्दल होता. एका डबीत शेकडो पाने, जागेची बचत, कागदापासून सुटका. अमेरिकेत मोठमोठ्या ग्रंथालयांनी वृत्तपत्रांच्या बांधीव फायली फिल्म करून झाल्यावर विकल्या किंवा टाकून दिल्या. नंतर लक्षात आले की फिल्मवर काही अंक आलेच नाहीत, काही पाने अंधुक आहेत, रंगीत पुरवण्या काळ्यापांढऱ्या झाल्या आहेत. आणि मूळ अंक कुठेच शिल्लक नाहीत. जुन्या फिल्मचे स्वतःचे आजारही असतात. ॲसिटेटवरची फिल्म उष्ण, दमट हवेत कुजते, डबी उघडली की व्हिनेगरचा आंबट वास येतो, आणि एका रिळाचा रोग शेजारच्या रिळाला लागतो. आपल्या किनारपट्टीच्या हवेत वातानुकूलन बंद पडलेली एखादी खोली त्याला पुरते. फिल्म वाचायचे यंत्र बिघडले तर त्याचा दिवा आणि भिंग शोधत फिरावे लागते.

तरीही मायक्रोफिल्मला नावे ठेवून मोकळे होणे बरोबर नाही, कारण काही ठिकाणी तीच शेवटची साक्षीदार आहे. गोव्याचेच पाहा. पोर्तुगीजांनी १५९५मध्ये गोव्यात दफ्तरखाना काढला, दिओगो द कोतो हा इतिहासकार त्याचा पहिला रखवालदार. पुढे अठराव्या शतकात तिथले मोसमी पत्रव्यवहाराचे, म्हणजे मोसमी वाऱ्यांवर ये-जा करणाऱ्या जहाजांतून चालणाऱ्या पत्रव्यवहाराचे, कित्येक खंड लिस्बनला नेले गेले, ते तिकडेच राहिले. विसाव्या शतकात पांडुरंग पिसुर्लेकरांनी तीसेक वर्षे हे दफ्तर सांभाळले आणि पोर्तुगीज-मराठे संबंधांवरचे कागद वाचून उजेडात आणले. मराठ्यांच्या इतिहासाची ही बाजू त्यांच्याविना आंधळी राहिली असती. १९५०च्या दशकात लिस्बनच्या फिल्मोटेका या मायक्रोफिल्म-संग्रहासाठी गोव्यातल्या पुष्कळ कागदांच्या मायक्रोफिल्म घेतल्या गेल्या. युरोपीय पद्धतीच्या लोहयुक्त शाईने लिहिलेला कागद आपल्या हवेत त्याच शाईने खाल्ला जातो, अक्षरांच्या जागी छिद्रे पडतात. जिथे गेल्या सत्तर वर्षांत असे झाले असेल, तिथे त्या वेळची काळीपांढरी फिल्म हीच आता मूळ प्रत. ती स्कॅन करायची तर तिला मूळ प्रतीचा मान देऊन, पूर्ण रिळ, पहिल्या ओळखपट्टीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत स्कॅन करायला हवी.

उलट जिथे कागद अजून धड आहे तिथे फिल्मवरून स्कॅन करणे ही खोटी काटकसर आहे. रीळ यंत्रात भरले की झरझर चित्रे निघतात, स्वस्त पडते, म्हणून मोह होतो. पण फिल्म घेणाऱ्याने पन्नास वर्षांपूर्वी जे वगळले ते या खेपेलाही वगळले जाते. लाल शाईचा शेरा आणि काळा मजकूर एकसारखे दिसतात, फिका शिक्का पांढऱ्यात विरतो. नकलेची नक्कल करताना मूळ कागद दोन मजले वर धूळ खात पडलेले असते. जर्मनीने मात्र फिल्मचा वापर डोके वापरून केला. फ्रायबुर्गजवळ ओबररीड इथल्या जुन्या खाणीच्या बोगद्यात, बार्बाराश्टोलनमध्ये, १९७५पासून देशातल्या महत्त्वाच्या अभिलेखांच्या फिल्म पोलादी पिंपांत बंद करून ठेवल्या जातात. चांगल्या पॉलिएस्टर फिल्मचे आयुष्य पाचशे वर्षे धरतात आणि वाचायला उजेड व भिंग पुरते. २००९मध्ये कोलोन शहराच्या अभिलेखागाराची इमारत मेट्रोच्या कामामुळे कोसळली, तेव्हा तिथल्या जुन्या कागदांपैकी काहींच्या फिल्म या बोगद्यात सुखरूप होत्या. तिथे फिल्म हा विमा आहे, म्हणून कागद फेकला गेला नाही.

डिजिटल प्रत अशी विमा ठरेल का? ठरू शकते, पण आपोआप नाही. २०१३मध्ये जर्मनीत डेव्हिड क्रिझेल या संगणकतज्ज्ञाने बांधकामाचा एक नकाशा झेरॉक्स कंपनीच्या यंत्रावर स्कॅन केला. नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळे १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर अशी होती. स्कॅनमध्ये तिन्ही खोल्या १४.१३ झाल्या. अक्षरे पुसट नव्हती, स्वच्छ आणि ठसठशीत होती, फक्त खोटी होती. फाइल लहान करण्याच्या पद्धतीने एकसारखे दिसणारे तुकडे एकमेकांच्या जागी बसवले होते. गट नंबर आणि गुंठ्यांच्या जगात असे झाले तर काय होईल हे सांगायला नको. चुकीच्या स्कॅनची पहिली ओळख ही, की तो बघून चुकीचा वाटत नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर खंडणीखोर हॅकरांचा हल्ला झाला आणि डिजिटल हस्तलिखिते कित्येक महिने कोणालाच उघडता आली नाहीत. हस्तलिखिते स्वतः कपाटात शाबूत होती. आपल्या एखाद्या जिल्ह्याचा सर्व्हर बसला आणि कागद आधीच निकाली निघालेला असला, तर कपाट उघडूनही काही मिळणार नाही.

इथे कोणी मंत्रालयाची आठवण देईल. २१ जून २०१२ला लागलेल्या आगीत मजलेच्या मजले जळाले आणि फायलींची राख झाली; तेव्हा कागदावर विसंबणे किती महागात पडते हे कळलेच होते. २०१९च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयातली हजारो पुस्तके पाण्याखाली गेली. आग, पूर, वाळवी आणि उंदीर हे स्कॅनिंगच्या बाजूचे खरे युक्तिवाद आहेत आणि मला ते मान्य आहेत. म्हणूनच स्कॅनिंग हवे. ते मिळाल्याचा आनंद मानून कागद सोडून देऊ नये, एवढेच.

कागद सोडून देण्याची यंत्रणा तर कचेरीत तयारच असते. अभिलेखांचे निंदणीकरण हा शब्द शेतातून कचेरीत आला आहे आणि कामही तसेच आहे: अ वर्ग कायम ठेवायचा, ब वर्ग तीस वर्षे, क वर्ग दहा, क-१ पाच, ड वर्ग एक वर्ष; मुदत संपली की उपटून टाकायचा. सगळे ठेवणे शक्य नाही, त्यामुळे निंदणी लागतेच. अडचण अशी, की काय तण आणि काय पीक हे चाळीस वर्षांनी कळते. तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांची वही किंवा दारूच्या परवान्यांचे रजिस्टर एक दिवस कोणाच्या जातीचा पुरावा ठरेल, असे १९८०मध्ये निंदणी करणाऱ्या कारकुनाच्या स्वप्नातही आले नसेल. केंद्र सरकारच्या कागदांसाठी असलेल्या १९९३च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात १८९२पूर्वीचा कागद नष्ट करण्यावर जवळजवळ बंदीच आहे. महाराष्ट्राचाही स्वतःचा कायदा २००५पासून आहे. पण धोका नेमका त्या रेषेच्या अलीकडे आहे. १८९२ ते १९६०च्या दरम्यानची रजिस्टरे ही ना पुरेशी जुनी म्हणून पूज्य, ना पुरेशी नवी म्हणून उपयोगी.

त्यातही गंमत अशी की तीच सगळ्यांत आधी मरणार आहेत. पेशवाईतला जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागद चिंध्यांच्या लगद्याचा, शाई काजळाची. वाळवीपासून आणि पाण्यापासून वाचला तर तो आजही हातात घेतला की लवतो, तुटत नाही. नंतरचा गिरणीचा कागद लाकडाच्या लगद्याचा, आम्लयुक्त. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली वही उघडली की कडांचा भुगा टेबलावर पडतो. तरी स्कॅनिंगचा क्रम लावताना मान मिळतो तो ऐतिहासिक म्हणून मोडी कागदांना. माझ्या मते आधी कोतवाल बुके आणि शाळांची जुनी रजिस्टरे घ्यावीत. पेशव्यांचा कागद आणखी दहा वर्षे थांबू शकतो; १९४२च्या गावरजिस्टराला तेवढा वेळ नाही.

मग सूची कोण करणार आणि पैसा कुठून येणार? ‘आता यंत्रच वाचेल’ हे ताजे उत्तर आहे. छापील देवनागरी यंत्राला बऱ्यापैकी वाचता येते. मोडीला २०१४मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या सामाईक अक्षरसंचात, जागा मिळाली, तिचे हस्ताक्षर यंत्राने वाचावे म्हणून संशोधनही चालू आहे, आणि ते चांगलेच आहे. पण मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नसतो, शब्द एकमेकांना जोडलेले, प्रत्येक कुळकर्ण्याचे वळण निराळे. आणि यंत्राला शिकवायला आधी माणसाने वाचलेली हजारो पाने लागतातच. शिवाय सूचीसाठी प्रत्येक अक्षर वाचायची गरजही नाही. गाव, रजिस्टराचा प्रकार, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती पाने, किती गहाळ: एवढे पाच-सहा रकाने एका माणसाला एका रजिस्टरामागे थोड्या वेळात भरता येतात. ही पहिली पायरी. नावांची सूची दुसरी, ती मागणी असेल तिथे आधी. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते. ते शिकून बाहेर पडलेले, हौसेने वाचणारे पुष्कळ लोक महाराष्ट्रभर आहेत, बडोद्यात आणि इंदुरातही असतील. तंजावरला सरस्वती महालात भोसल्यांच्या दरबाराचे मोडी कागद आहेत, तिथेही या लोकांची गरज आहे. २०२३मध्ये त्यांची आठवण आली ती संकटात येते तशी, आणि काम झाल्यावर ती विसरलीही गेली. एका जिल्ह्याला दोन कायम मोडी वाचक नेमायचा खर्च स्कॅनिंगच्या ठेक्याच्या मानाने किरकोळ ठरेल.

पैशाचा मुद्दा निविदेतच सुटतो. पानामागे दर ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा, पण निम्मी रक्कम चाचणीवर रोखा. ठेकेदाराशी संबंध नसलेल्या माणसाने गठ्ठ्यांतून डोळे मिटून शंभर नोंदी काढायच्या, प्रत्यक्ष कागदावरून. मग त्या संगणकात शोधायच्या. गाव आणि साल सांगून त्या पानापर्यंत पोचता आले का? पान पूर्ण दिसते का? पाठ आहे का? आकडा तोच आहे का? ज्या रजिस्टरांत चाचणी नापास होईल ती पुन्हा स्कॅन करायची, ठेकेदाराच्या खर्चाने. आणि चाचणी पास होऊन काही वर्षे लोकांनी ते रजिस्टर वापरेपर्यंत मूळ कागदाला हात लावायचा नाही, वर्ग कोणताही असो. फाइल हाती घेताना तिचा हॅश काढून जाहीर करावा. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी बदलणारा तो लांबलचक आकडा. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ने इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात हॅशला जागा दिलीच आहे. उद्या कोर्टात कोणी म्हणाले की हा स्कॅन नंतर फिरवला आहे, तर उत्तर आजच तयार असायला हवे.

एक गोष्ट मात्र उघडेपणाच्या उलट दिशेने सांगावी लागते. कोतवाल बुकात फक्त हवी ती जात नसते. मृत्यूचे कारण असते, शेजाऱ्याची जात असते. तुरुंगाच्या वहीत तर कोणाचा आजोबा कशासाठी आत गेला तेही असते. अशी रजिस्टरे जशीच्या तशी जगासाठी खुली करणे आणि ती दाबून ठेवणे यांच्यामध्ये पुष्कळ जागा आहे. सूची सर्वांना दिसावी आणि संवेदनशील पान अर्जदाराला द्यावे, हे करता येते. पण त्यासाठीही आधी सूची हवी. कोणत्या पानावर काय आहे हेच माहीत नसले, की सगळे उघडायचे नाही तर सगळे झाकायचे, एवढे दोनच मार्ग उरतात आणि जिल्ह्याजिल्ह्यांत अधिकाऱ्याच्या स्वभावानुसार त्यातला एक निवडला जातो.

शंभर नोंदींच्या चाचणीला मोठी यंत्रणा लागत नाही. निवृत्त तलाठी, मोडी वाचणारा एक जण आणि शाळेतला संगणकाचा शिक्षक, एवढी माणसे तालुक्याला मिळतात. पुढची निविदा निघण्याआधी, ज्या जिल्ह्यांत ‘काम पूर्ण’ झाले आहे त्यांतल्या एकाच तालुक्यात ही चाचणी घ्यावी आणि शंभरापैकी किती सापडल्या तो आकडा बातमीत छापावा, कोटी पानांच्या आकड्याशेजारी.